खाज एकाला, औषध घराला : फोनवरून खरूज कशी ओळखतात?



पोराला खाज सुटली की आपल्याकडे पहिलं वाक्य काय असतं? "अंगात उष्णता झाली असेल." मग दोन दिवस सब्जाचं पाणी. नाहीच थांबली तर "घामोळं असेल" म्हणून पावडर. मग मेडिकलवाल्याला तोंडी सांगून एखादी ट्यूब. ट्यूबने चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. तोवर धाकटीही खाजवायला लागलेली असते आणि आईच्या बोटांच्या बेचक्यांमध्येही बारीक पुरळ आलेलं असतं.

हे तुमच्या घरात किंवा शेजारी घडलेलं असेल, तर ती उष्णता नसून खरूज असू शकते. आणि आता खरूज ओळखायला दरवेळी एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी घालवून तालुक्याला जावं लागतंच असं नाही. गावच्या उपकेंद्रातून किंवा घरच्या मोबाइलवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं.

पण त्यात एक गोम आहे. फोनचा कॅमेरा डॉक्टरांना चामडी दाखवतो, घर दाखवत नाही. आणि खरूज हा घराचा आजार आहे. म्हणून कॅमेऱ्याला जे दिसत नाही, ते सांगायचं काम तुमचं. ते नीट कसं करायचं, हेच या लेखात बघू.

खरूज म्हणजे नेमकं काय?

खरूज घाणीमुळे होत नाही, उष्णतेनेही नाही आणि कोणाच्या शापाने तर नाहीच. ती एका बारीक किड्यामुळे होते. हा किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्याची मादी आपल्या चामडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यातून पिल्लं निघतात, आणि साधारण दोन आठवड्यांत ती मोठी होऊन पुन्हा तेच सुरू.

साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर फार तर दहा-पंधरा किडे असतात. मग सगळं अंग का खाजतं? कारण खाज ही किडा चावल्याने नसते. किडा, त्याची अंडी आणि त्याची घाण यांना आपलं शरीर जो विरोध करतं, त्याची ती खाज. ती रात्री अंथरुणात शिरलं की जास्त वाढते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पहिल्यांदाच खरूज झाली असेल, तर किडा अंगावर आल्यापासून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे महिनाभर माणसाला काही होत नाही, पण तो दुसऱ्याला मात्र किडा देऊ शकतो. ज्याला आधी खरूज होऊन गेली आहे, त्याला मात्र पुन्हा लागण झाल्यावर एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

"आमच्या ह्यांना काहीच नाही, मग त्यांनी औषध कशाला लावायचं?" या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. आज काही नाही, म्हणजे किडा नाही असं नव्हे.

ही एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते ती बराच वेळ अंगाला अंग लागल्याने. एका गोधडीत झोपणारी भावंडं, बाळाला कडेवर घेणारी आई, नवरा-बायको, वसतिगृहात एकमेकींना खेटून झोपणाऱ्या मुली, ऊसतोडीच्या कोपीत दाटीवाटीने राहणारं कुटुंब. क्षणभर हातात हात दिल्याने सहसा होत नाही. रोज साबणाने आंघोळ करणाऱ्यालाही होते. तेव्हा ज्या घरात खरूज आहे, ते घर अस्वच्छ असा शिक्का कोणी मारू नये.

जगात कोणत्याही एका वेळी २० कोटींहून जास्त लोकांना खरूज असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१७ साली या संघटनेने खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. म्हणजे आपण एकट्या नाही, आणि लाजण्यासारखंही काही नाही.

फोनवरून डॉक्टर कसे भेटतात?

यासाठी सरकारची मोफत सेवा आहे, ई-संजीवनी. तिच्यापर्यंत पोहोचायचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता उपकेंद्राचा. आपलं उपकेंद्र आता बऱ्याच ठिकाणी आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ज्यांना आपण सीएचओ मॅडम किंवा सीएचओ सर म्हणतो. ते तुम्हाला तपासतात, गरज वाटली तर तिथूनच मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावतात. मला विचाराल तर खरजेसाठी हाच रस्ता जास्त चांगला. कारण तिथे जाणकार माणूस तुमच्या शेजारी असतो, तो चामडी हाताने बघू शकतो आणि डॉक्टरांच्या भाषेत सांगू शकतो.

दुसरा रस्ता घरच्या मोबाइलचा. ही घरून बोलण्याची सोय लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. ॲप उघडून मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, रुग्णाची नोंद करायची, टोकन मिळतं. नंबर आला की डॉक्टर स्क्रीनवर दिसतात. बोलणं झालं की औषधाची चिठ्ठी मोबाइलवरच येते. (तो ओटीपी फक्त ॲपमध्ये भरायचा. फोन करून कोणी मागितला तर द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी!)

फोनवरच्या तपासणीचे नियम २५ मार्च २०२० रोजी देशभरासाठी ठरले. त्यातले चार तुम्हाला माहीत असलेले बरे :

- चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असायलाच हवा.
- रुग्ण लहान मूल असेल तर त्याच्यासोबत मोठं माणूस हवं.
- तुमच्या वतीने आरोग्य कर्मचारी कॉल लावत असतील, तर त्यांनी आधी तुमची परवानगी घ्यायची.
- खरजेचं लोशन, बुरशीचं मलम अशी औषधं पहिल्याच भेटीत द्यायची असतील, तर डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहूनच द्यायची. नुसत्या बोलण्यावर नाही.

म्हणून "व्हिडिओ नको, लाज वाटते, तोंडीच औषध सांगा" असा आग्रह धरू नका. त्यात नुकसान तुमचंच आहे.

एक फोटो पुरेसा का नाही?

खरूज नक्की आहे असं शंभर टक्के सांगायचं असेल, तर किडा किंवा त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसावी लागतात. हे फोनवर होणार नाही. खरं तर बहुतेक दवाखान्यांतही होत नाही. मग डॉक्टर ओळखतात कसे?

२०२० साली खरजेच्या जाणकार डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय गटाने यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्टर चार गोष्टी बघतात :

१. पुरळ कसं आहे? बारीक पुटकुळ्या, ओरखडे, आणि कधी कधी राखाडी रंगाची छोटी नागमोडी रेघ, म्हणजे किड्याचं बीळ.

२. पुरळ कुठे कुठे आहे? बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काख, बेंबीभोवती, कंबर, स्तनाग्रांभोवती, कुल्ले, जांघा. तान्ह्या बाळांना तळहात, तळपाय आणि डोक्यावरही.

३. खाज आहे का?

४. जवळच्या माणसांपैकी अजून कोणाला खाज किंवा तसंच पुरळ आहे का?

आता बघा, यातल्या पहिल्या दोन गोष्टी कॅमेरा सांगतो. तिसरी आणि चौथी फक्त तुम्ही सांगू शकता. बीळ स्पष्ट दिसलं नाही, तरी पुरळ नेहमीच्या जागी असेल, खाज असेल आणि घरात दुसऱ्यालाही असेल, तर डॉक्टर खरूज धरून औषध देऊ शकतात. चौथं उत्तर "नाही" आलं की खात्री कमी होते आणि डॉक्टर ॲलर्जी, घामोळं, कीटक चावणं असा दुसरा विचार करू लागतात.

आपल्याच भागातल्या एका घरचं सांगते, नाव-गाव सांगत नाही. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन सून उपकेंद्रात आली होती. डॉक्टरांनी स्क्रीनवरून विचारलं, "घरात अजून कोणाला?" सून म्हणाली, "नाही, कोणाला नाही." डॉक्टर ॲलर्जीची गोळी लिहायला लागले. तेवढ्यात मागे बसलेली आजी म्हणाली, "मला पण रातभर झोप नाही की!" मग सुनेनेही हात पुढे केला. तिच्या बेचक्या भरलेल्या होत्या. तिने नंतर मला सांगितलं, "घरात आधी मलाच आलं. माहेरून आणलं म्हणतील म्हणून बोलले नाही." आजी बोलली नसती, तर त्या घरात अजून दोन महिने कोणी झोपलं नसतं.

चामडीचा डॉक्टर शहरात आहे, नेटवर्क कधी असतं कधी नसतं, हे सगळं खरं. पण निदान अडतं ते बऱ्याचदा अशा एका न सांगितलेल्या गोष्टीवर.

फोटो कसा काढायचा?

व्हिडिओ कॉलमध्ये चित्र फाटतं, अस्पष्ट दिसतं. म्हणून आधीच चांगले फोटो काढून ठेवा.

- उजेड : दिवसा, दारात किंवा खिडकीजवळ. भर उन्हात नको, रात्री बल्बखालीही नको. फ्लॅश बंद. फ्लॅशने चामडी पांढरी पडते आणि पुरळ दिसेनासं होतं.
- काच : मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पिठाचे, तेलाचे हात लागलेले असतात. मऊ स्वच्छ कापडाने पुसून घ्या.
- चामडी : तेल, हळद, पावडर, मलम, मेंदी काहीही लावलेलं नको. असेल तर धुऊन, कोरडं करून मग काढा.
- तीन फोटो : एक लांबून, पूर्ण हात किंवा पूर्ण पाठ दिसेल असा. दुसरा मधल्या अंतरावरून. तिसरा जवळून, साधारण एक वीत अंतरावरून. जवळच्या फोटोत बाजूला रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे पुरळ केवढं आहे ते कळतं.
- स्थिर हात : कोपर गुडघ्यावर टेकवा, स्क्रीनवर पुरळ जिथे आहे तिथे बोट टेकवा, चित्र स्पष्ट झालं की मगच बटण दाबा.
- सुंदर दिसण्याचं फिल्टर बंद! ते चेहऱ्यावरचे डाग घालवतं तसं पुरळही घालवतं.
- बोटं फाकवून : बेचक्या दिसायला हव्यात. दोन्ही हातांचे काढा.

सावळ्या रंगावर लाली कमी दिसते. आपल्याकडे पुरळ तपकिरी, काळपट किंवा जांभळट दिसतं. त्यामुळे "लाल नाही, म्हणजे काही नाही" असं समजू नका, आणि डॉक्टरांनाही सांगा, "प्रत्यक्षात यापेक्षा जास्त दिसतंय" किंवा "हाताला खरखरीत लागतंय."

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितले, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवले की फोटोचा दर्जा कमी होतो.

कॉल लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा

कॉल थोडा वेळ चालतो, समोर डॉक्टर दिसले की आपण निम्मं विसरतो. म्हणून गटाच्या वहीच्या मागच्या पानावर हे लिहून न्या :

- खाज किती दिवसांपासून? रात्री वाढते का?
- घरात कोण कोण झोपतं, आणि त्यातल्या कोणाकोणाला खाज आहे?
- मागच्या दोन महिन्यांत कोण पाहुणं आलं, मुलगी वसतिगृहातून आली का, तुम्ही कामाला बाहेरगावी होतात का?
- आतापर्यंत काय काय लावलं? ट्यूबचं नाव वाचता येत नसेल तर ट्यूबच समोर ठेवा.
- घरात कोणी गरोदर, अंगावर पाजणारी, दोन वर्षांच्या आतलं बाळ? लहान मुलांचं वजन किती?
- साखरेचा आजार, दुसरी कुठली गोळी चालू, कुठल्या औषधाचा त्रास?
- ताप, पू, सूज, लघवीत बदल?

यातला ट्यूबचा मुद्दा लपवू नका. मेडिकलमध्ये खाजेवर म्हणून मिळणाऱ्या काही क्रीममध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यात स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दबते, पण किडा मरत नाही. उलट पुरळाचं रूप बदलतं, आणि मग फोटोत काय खरूज आणि काय नायटा हे चांगल्या डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. जास्त दिवस लावलं तर चामडी पातळ होते. डॉक्टर रागावतील म्हणून अर्धवट सांगण्यापेक्षा "ही ट्यूब तीन आठवडे लावली" असं सरळ सांगा. त्यांना त्याचाच उपयोग होतो.

आणि शेळ्या? शेळीलाही खरूज होते, आणि तिला हाताळणाऱ्याच्या हातावर थोडे दिवस खाज येऊ शकते. पण शेळीचा किडा माणसाच्या अंगावर पिढी वाढवू शकत नाही. तरी शेळीला झालेली असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि शेळीचा उपचार पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेगळा करा. गोचीड मारायचं औषध, जनावराचं इंजेक्शन, फवारणीचं औषध किंवा रॉकेल माणसाच्या अंगाला कधीही लावू नका. लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

लाजेचं काय?

खरूज अशा जागी होते की दाखवायला संकोच वाटतो. हे सगळ्यांनाच वाटतं. म्हणून काही गोष्टी ठरवून घ्या.

झाकलेल्या अवयवांचे फोटो काढायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. हात, मनगट, पोट यांचे फोटो दाखवा आणि "छातीवर आणि जांघेतही असंच आहे" एवढं तोंडाने सांगा. डॉक्टरांना तेवढं समजतं. बाईमाणूस डॉक्टर हव्या असतील तर सीएचओंना तसं विचारा. उपकेंद्रात कॉल चालू असताना खोलीत कोण थांबणार, हे तुम्ही ठरवायचं. नको असलेल्या माणसाला बाहेर थांबायला सांगणं म्हणजे उद्धटपणा नाही.

फोटो स्वतः काढा किंवा विश्वासातल्या बाईला काढायला सांगा. काम झालं की मोबाइलमधून काढून टाका, विशेषतः घरात एकच मोबाइल सगळे वापरत असतील तर. आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर "हे काय असेल ग?" म्हणून कोणाच्या अंगाचा, लेकराचा फोटो टाकायचा नाही. सल्ला तिथे पंधरा मिळतील, पण फोटो कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

औषध : एका रात्री, सगळ्या घराला

खरजेवर बहुतेक वेळा ५ टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम देतात. काही वेळा बेंझिल बेंझोएटचं लोशन, तर काहींना पोटात घ्यायच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. कोणाला काय, हे डॉक्टर ठरवतील. गोळ्या गरोदर बाईला आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत, म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवर औषध आणू नका.

पर्मेथ्रिन क्रीम दिलं असेल तर वापरायची रीत अशी :

- रात्री, अंग कोरडं असताना, मानेपासून खाली तळपायापर्यंत सगळीकडे. फक्त खाजतं तिथेच नव्हे. बेचक्या, नखांखाली, बेंबी, काखा, जांघा काहीही सोडायचं नाही. तान्ह्या बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोक्याला-चेहऱ्यालाही लावायचं का, हे डॉक्टरांना विचारा.
- ८ ते १४ तास अंगावर राहू द्यायचं. मध्ये हात धुतले तर हाताला पुन्हा लावायचं. सकाळी आंघोळ.
- घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. खाज असो वा नसो.
- साधारण एका आठवड्याने पुन्हा एकदा. पहिल्या वेळी अंड्यातून वाचलेली पिल्लं दुसऱ्या वेळी मरतात.

एकाच रात्री का? समजा आज मुलीला लावलं आणि पुढच्या आठवड्यात पगार झाल्यावर नवऱ्याला. मधल्या काळात मुलगी पुन्हा त्याच गोधडीत झोपली. म्हणजे पैसे गेले, औषध गेलं, किडा तिथेच. म्हणून कॉलवरच डॉक्टरांना विचारा : "आम्ही घरात सहा जण आहोत, औषध सगळ्यांना पुरेल एवढं लिहिता का?" प्रत्येकाची वेगळी नोंद करावी लागली तर करा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध आहे का, ते विकत घ्यायच्या आधी विचारा.

कपड्यांचं काय? किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो. मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जाड गोधडी धुता येत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. घर फिनेलने धुवायची, अंथरूण जाळायची काही गरज नाही.

आणि धीर धरा. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. "औषध लागू पडलं नाही" म्हणून रोज रोज क्रीम लावत बसू नका, त्यानेच चामडी कोरडी होऊन खाजते. नवीन पुटकुळ्या येत राहिल्या किंवा चार आठवड्यांनंतरही खाज तशीच राहिली, तर पुन्हा कॉल लावा. मुलं उपचाराच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकतात.

इथे फोनवर थांबू नका

फोन बघू शकतो, पण हात लावू शकत नाही. खाली लिहिलेल्यांपैकी काही असेल तर थेट दवाखान्यात जा :

- खाजवून जखमा झाल्या, पू आला, सूज, ताप आहे.
- सकाळी डोळ्यांभोवती, चेहऱ्यावर सूज आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कमी होते. खरजेच्या जखमांतून शिरलेल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, विशेषतः लहान मुलांत. यात एक दिवसही घालवू नका.
- दोन महिन्यांच्या आतलं बाळ, किंवा बाळ दूध पीत नाही.
- चामडीवर जाड खपल्या चढल्या आहेत. अशा खरजेत हजारो किडे असतात आणि खाज कमीही असू शकते.
- फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि स्पर्श कळत नाही. ही खरूज नव्हे. हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. तो प्रत्यक्ष तपासूनच ओळखतात आणि औषधाने पूर्ण बरा होतो.

गोल कड असलेला, मधून साफ आणि कडेने वाढत जाणारा चट्टा बहुतेक वेळा नायटा असतो. तो किड्याचा नाही, बुरशीचा आजार. त्याचं औषध वेगळं. तोही फोनवर दाखवता येतो.

गट काय करू शकतो?

आपल्या दशसूत्रीत नियमित आरोग्याची काळजी हे सूत्र आहे. बैठकीत आपण ते म्हणतो. या महिन्यात ते करून बघू.

पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा. उपकेंद्रात व्हिडिओ कॉलची वेळ कोणती, हे आशाताईंना विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवावं. ज्या ताईकडे चांगला कॅमेऱ्याचा मोबाइल आहे, तिने गरज लागेल तिला मदत करावी, आणि काम झालं की त्या ताईसमोरच फोटो काढून टाकावेत. दोन-तीन शेजारच्या घरांत खाज असेल, तर सगळ्यांनी एकच रात्र ठरवून औषध लावावं. एखाद्या घराला औषधाच्या पैशाची अडचण असेल, तर गटाच्या अंतर्गत कर्जातून लहानशी रक्कम देता येते. सहा जणांचं औषध एकत्र घेणं, एकेकाचं औषध पुन्हा पुन्हा घेत राहण्यापेक्षा बरं.

आणि कोणी ताई बैठकीत हात पदराखाली लपवून बसली असेल, तर सगळ्यांसमोर विचारू नका. बैठक संपली की तिच्यासोबत थोडं चाला. "रात्री खाज येते का ग? घरात अजून कोणाला?" एवढे दोन प्रश्न विचारा. डॉक्टर स्क्रीनवरून हेच विचारणार आहेत. तुम्हाला ती खरं उत्तर देईल, आणि मग डॉक्टरांनाही देईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक